अर्ध्यावरची भरतभेट

सगळे एकदम हसले.

मी देवळाच्या पायरीवर चपला काढत होते. हसण्याचा आवाज ऐकून बरं वाटलं. म्हटलं, बोरसरला कुणी नवे बुवा आलेले दिसतात. पाठीवरची बॅग तशीच ठेवून मी राममंदिराच्या सभामंडपात डोकावले. जाजमावर आठ-दहा म्हातारी माणसं बसली होती, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागी. आणि त्यांच्यासमोर कुणीही नव्हतं.

पेटी खोळीत होती. तबल्यावर फडकं टाकलेलं होतं. बुवांनी उभं राहायच्या जागेवर उन्हाचा एक चौकोन पडला होता, तेवढाच. तरी सगळ्यांच्या नजरा उभ्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर खिळलेल्या. मी बघत राहिले. त्या नजरा सावकाश डावीकडून उजवीकडे गेल्या, सगळ्यांच्या मिळून. थोडा वेळ थांबल्या आणि तशाच परत डावीकडे आल्या. माझे मामा कीर्तनात असेच चालत. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे.

मामा चैत्रात गेले होते. आता वैशाख सरत आला होता.

पहिल्या रांगेत सिंधूमामी बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. मला त्याचंच जास्त नवल वाटलं, कारण मामी कीर्तनाला बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मी हळूच तिच्या मागे जाऊन बसले. तिनं वळून पाहिलं नाही. शेजारच्या कासारकाकूंचे डोळे आता भरून आले होते, आणि त्यांनी नाक पुसलं.

मला ते हसणं ओळखीचं वाटलं होतं, ते का, हे तेव्हा कळलं. मामांच्या भरतभेटीच्या आख्यानात एक न्हावी होता. भरतानं जटा वाढवल्या, म्हणून सगळ्या अयोध्येनं वाढवल्या. तेव्हा तो न्हावी नंदिग्रामला येऊन रडतो, "महाराज, राम येईल तेव्हा येईल, पण माझ्या घरची चूल कधी पेटायची?" तिथं लोक हमखास हसत. आणि त्याच्या पाठोपाठ कौसल्या येई, तिथं कासारकाकू हमखास नाक पुसत.

थोड्या वेळानं सगळ्यांच्या माना थोड्या पुढे झुकल्या, आणि तशाच राहिल्या. कुणी हलेना. देवळामागच्या पिंपळावर एक पाखरू ओरडत होतं तेवढंच. मग तबलजी तात्या गुरव मोठा श्वास सोडून म्हणाले, "थांबले."

एकेक जण गुडघ्यावर हात टेकून उठला, रामाला हात जोडून बाहेर पडला. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. नवल कुणालाच वाटलेलं दिसलं नाही.

*

माझं शाळा-कॉलेज बोरसरला मामांच्या घरीच झालं. वडिलांच्या सारख्या बदल्या होत, म्हणून आईनं मला आपल्या भावाकडे ठेवलं होतं. अनंतबुवा बोरसरकर म्हणजे माझे मामा. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून कीर्तनात त्यांच्या मागे उभी राहून झील धरत असे. म्हणजे असं, की बुवांनी पदाची ओळ अर्धी म्हणून सोडून द्यायची, आणि मागच्यानं ती तिथूनच उचलून पुरी करायची. ऐकणाऱ्याला ती एकच ओळ वाटली पाहिजे. झील आली नाही तर बुवांना पुढे जाता येत नाही. शाळेत मला कुणी विचारलं असतं, देव कसा असतो, तर मी सांगितलं असतं, मामांची ओळ संपायच्या आणि माझी सुरू व्हायच्या मध्ये जेवढी जागा असते ना, तेवढ्यात असतो.

रामनवमीच्या उत्सवात मामा दरवर्षी भरतभेट लावत. त्या वर्षी मात्र मी पुण्याला प्रवेशपरीक्षेला गेले होते. चौदा वर्षं भरलेली आहेत, सूर्य कलला आहे, राम आलेला नाही आणि भरतानं चिता रचायला सांगितली आहे. तिथं मामांनी स्वतः बांधलेलं एक पद होतं. ते म्हणत, "कुणी सांगा हो, सांगा कुणीतरी," आणि मी मागून म्हणायची, "कुठवर आला राम." तीनदा झील झाली की मारुती येई. त्या दिवशी मामांनी ओळ सोडली आणि सवयीनं मागे पाहिलं. मी नव्हते. तात्या सांगतात, बुवा हसले, खांबाला धरून हळूच खाली बसले, आणि गेले.

त्या परीक्षेत मी पास झाले. पुण्याला भूजलशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. आणि त्याच महिन्यात हॉलंडच्या एका विद्यापीठातूनही बोलावणं आलं. तोच विषय, तिकडची शिष्यवृत्ती, राहण्या-खाण्यासकट. वडील फोनवर म्हणाले, "ह्यात विचार कसला करतेस?" पण मी करत होते. मामीला मूलबाळ नव्हतं. पुण्याला राहिले तर शनिवारी रात्री एसटीत बसून रविवारी बोरसरला येता आलं असतं. हॉलंडहून काय येणार? दोन्हीकडे तीन दिवसांत उत्तर कळवायचं होतं. मामीला एकदा डोळ्यांनी बघावं आणि ठरवावं, म्हणून मी आले होते. खरं सांगायचं तर पुणंच ठरवून आले होते.

*

घरी आल्यावर मामीनं चहा टाकला. मी काही विचारायच्या आत तात्या दारात आले. आमच्याकडे तात्या कधी बोलावून येत नसत आणि चहा झाल्याशिवाय जात नसत.

"आलीस का रेणे? बरं झालं. वहिनी, साखर जरा बेतानं."

"तुम्हाला डॉक्टरनं बंद सांगितलीय ना?" मामी म्हणाली.

"म्हणून तर म्हटलं, बेतानं."

मी म्हटलं, "तात्या, देवळात काय चाललं होतं?"

तात्यांनी बशीत चहा ओतला. "कीर्तन," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? बुवांचं. तेरावं झालं त्या दिवशी मी सहज जाऊन बसलो. पाच वाजले आणि बुवांनी नमन सुरू केलं. मला वाटलं, म्हातारपण. मग बघतो तर कासारकाकू डोळे मिटून डोलतायत. काकूंना ऐकू कमी येतं, तुला माहीत आहे. पण काकू शब्दन् शब्द सांगतात." त्यांनी चहा फुंकला. "रोज तेच आख्यान. रोज तिथंच येऊन थांबतं. ओळ सोडतात, मागे बघतात, वाट बघतात. मग हळूहळू विरून जातात. आपण उठून घरी यायचं."

"मला काहीच ऐकू आलं नाही."

"ते कळलंच आम्हाला. तुझं तोंड कोरं होतं."

मी मामीकडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून उभी होती. "मामी, तुला ऐकू येतं?"

"येतं," ती म्हणाली.

तात्या पुढे सरकले. "पोरी, माणूस चालता चालता पाय उचलून उभा राहावा, तसे ते उभे आहेत. झील मिळाली की पाय टेकतील. पुण्याला प्रवेश मिळाला म्हणतात ना तुला? रविवारी येत जा. ऐकू येत नसलं तर मी हात वर करीन, तेव्हा तू..."

"ती हॉलंडला जाणार आहे," मामी म्हणाली.

आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. मामीला कुणाचं बोलणं मध्ये तोडायची सवय नव्हती.

"अजून ठरलं नाही, मामी."

"ठरलं. मी भाजणी भाजायला घेतलीय. मेतकूट करते. ह्यांची लोकरीची शाल आहे, ती ने. तिकडं थंडी फार." आणि तात्यांकडे न बघता, "पोरीचं आयुष्य आहे. देवळात उभं राहून ओळी म्हणायला ती एवढं शिकलीय का?"

तात्यांनी बशी खाली ठेवली. "बुवा असते तर तुम्ही असं बोलला नसतात, वहिनी."

"हे आहेत की," मामी म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना?"

*

रात्री मी नीट झोपले नाही, पण भीतीनं नाही. मामीचा हेवा वाटत होता. लहानपणापासून त्या आवाजात वाढले ती मी, आणि तो मलाच ऐकू येऊ नये? उन्हाचा ताप, म्हातारी माणसं, दुःख, असं सगळं मी स्वतःला समजावून पाहिलं. शिकलेलं माणूस करतं तसं. सकाळी तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं, काल मधल्या भागात बुवा काय बोलले. तिघांनी एकच सांगितलं. मामा नेहमी सांगत तेच, पण मधे एक नवीन वाक्य होतं. कौसल्या म्हणते, "वाट बघणाऱ्याचं वय दुप्पट वाढतं." हे मामांनी जिवंतपणी कधी म्हटलेलं मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागे बसले, सगळ्यांपासून दूर, खांबाला टेकून. उन्हाचा चौकोन सरकत होता. माणसं डोलत होती. कुणीतरी "वा!" म्हटलं. मग काय झालं कोण जाणे, सगळ्यांनी एकदम मागे वळून माझ्याकडे पाहिलं. सगळे हसत होते. लग्नात नवऱ्या मुलीकडे बघून हसतात तसे, मायेनं. दात नसलेली ती तोंडं, आणि मधे मामीचं तोंड. ती एकटी हसत नव्हती.

मी उठायला गेले, पण कीर्तनात मधून उठायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. बसून राहिले. जरा वेळानं सगळे परत समोर वळले. पुढे झुकले. थांबले. संपलं.

बाहेर तात्यांना गाठलं. "मघाशी काय झालं?"

तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बुवा म्हणाले, आज मागे कुणीतरी येऊन बसलंय. बसू द्या. लाजतंय."

मी पायरीवर बसले.

"उद्या दे गं झील," तात्या माझ्याशेजारी बसत म्हणाले. "मी हात वर करतो. तू नुसतं म्हण. मला सूर सांगायची गरज नाही, तुझ्या अंगात आहे तो."

"देते," मी म्हणाले. आणि मनाशी ठरवलं, परवा पुण्याला होकार कळवायचा. ज्या गावात मला अशी हाक येते, ते सोडून कुठं जायचं?

*

मामी स्वयंपाकघरात भाजणी चाळत होती. मी सांगितलं, "मामी, उद्या मी झील देणार. आणि पुण्यालाच राहणार. दर रविवारी तुझ्याकडे."

तिचा हात थांबला. चाळणीतून थोडं पीठ तसंच सांडत राहिलं.

"मी तुला जा म्हणते ते ऐकत का नाहीस?"

"तू एकटी पडशील म्हणून."

"मी एकटी नाही," ती म्हणाली. "रोज पाच वाजता मी एकटी नसते. तूच मला एकटी करायला निघालीस."

मला कळेना. ती खाली बसली. पिठाचे हात मांडीवर उपडे टाकून म्हणाली, "रेणू, लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून ह्यांची कीर्तनं चालू. गावोगाव. लोक म्हणायचे, बुवा काय बोलतात! मी एकसुद्धा पुरं ऐकलेलं नाही. खिरापत कोण करणार? पन्हं कोण करणार? ह्यांचा उत्तररंग सुरू झाला, कथा लागली, की मी देवळामागच्या खोलीत गूळ किसत बसलेली. भिंतीपलीकडून तबला ऐकू यायचा आणि लोक हसलेले ऐकू यायचे. मी तिकडं एकटीच हसायची. कशाला हसले ते कळायचं नाही, तरी हसायची."

मी सांडलेलं पीठ हातानं गोळा करत होते.

"घरी यायचे ते दमून. मी विचारायची, आज काय सांगितलंत? म्हणायचे, नेहमीचंच. जेवायला वाढ." ती थोडी हसली. "आता खिरापत करायची नसते. आता मी पहिल्या रांगेत बसते. मला तो न्हावी आता माहीत आहे. तुला माहीत आहे, हे न्हाव्याचं बोलताना बोटं कशी नाचवतात?"

"माहीत आहे," मी म्हणाले.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं." तिनं डोळे पुसले आणि गालाला पीठ लागलं. "तू झील दिलीस की कथा पुढे जाईल. राम येईल. आरती होईल. मग परत कशाला येतील हे? तू तिकडं लांब गेलीस तर कुणी देणार नाही झील. तात्याच्या गळ्यात ती नाही. म्हणून जा म्हणत होते मी. तुझ्या भल्याचं म्हणून नाही. वाईट वाटलं ना?"

वाटलं होतं. पण भिंतीमागे एकटीच हसणारी ती डोळ्यांसमोर आली, आणि तिच्यावर रागावणं मला जमलं नाही. मी म्हणाले, "नाही देत मी. तात्यांना सांगते."

"वचन?"

"रामाशप्पथ."

जेवणं झाली. अंथरुणं घालताना ती एकदम म्हणाली, "त्याच्या पुढे हे कसं सांगायचे गं? राम येतो ते मलाही ठाऊक आहे. ह्यांच्या तोंडून कसा येतो?"

मी सांगायला लागले, "मग मारुती बटूचं रूप घेऊन..."

तिनं हात वर केला. "तू नको सांगू."

*

तिसऱ्या दिवशी तात्यांना मी देवळातच सांगितलं, की झील देणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी मामीकडे पाहिलं. तात्यांनीही पाहिलं, आणि काय समजायचं ते समजून फडक्याखालच्या तबल्यावर नुसता हात ठेवून बसले.

मी मात्र मामांच्या मागच्या जागी जाऊन उभी राहिले. का, ते सांगता येणार नाही. गायचं नव्हतं. पण बसून राहणं बरं वाटेना.

तिथून मला श्रोत्यांची तोंडं दिसत होती. हेच मी लहानपणापासून पाहत आले होते, मामांची पाठ आणि तिच्या दोन्ही बाजूंनी ती तोंडं. आता पाठ नव्हती. नमन झालं असावं, कारण हात जोडले गेले. पूर्वरंगात कासारकाकूंनी मान हलवली. न्हावी आला. सगळे हसले. मामी सगळ्यांत आधी हसली, पुढचं माहीत असलेल्या माणसासारखी, आणि तिची बोटं मांडीवर नाचली. कौसल्या आली. ऊन खांबापर्यंत चढलं.

मग माना पुढे झुकल्या.

माझ्यासमोर काही नव्हतं. पण वाऱ्याची झुळूक थांबावी तसं काहीतरी माझ्या पुढ्यात थांबलेलं होतं. मला तिथं हात पुढे करवला नसता. कुणीतरी मागे वळून माझ्याकडे बघतंय, हे मला पाहिल्याशिवाय कळत होतं. माझा गळा आपोआप तयार झाला, आणि मी दात आवळून धरले. शपथ घेतली होती.

वेळ चालला. कुणी हलत नव्हतं. तात्यांनी हात वर केला नाही.

मामीची नजर इतका वेळ त्या जागेवर होती. ती तिथून हळूच निघाली आणि माझ्यावर आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिनं मान हलवली. मी तशीच उभी. तेव्हा ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "दे." आणि परत मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दे गं. त्यांचा पाय दुखतो फार वेळ उभं राहिलं की."

"कुठवर आला राम," मी म्हणाले.

माझा आवाज त्या देवळात उघडा पडला. पुढून काही नाही, मागून काही नाही. पण तात्यांचा हात फडक्यावर पडला, दबका ठेका सुरू झाला, आणि सगळ्यांचे श्वास एकदम सुटले. मला काही ऐकू आलं नाही. फक्त तोंडांवरून कळलं की ओळ परत सुटली आहे. मी उचलली. तिसऱ्यांदा उचलली. आणि कासारकाकूंनी टाळी वाजवली. मारुती आला होता.

त्यानंतरची कथा मी मामीच्या तोंडावर पाहिली. शब्दन् शब्द मला पाठ होता. ती कुठं आहे, हे मला तिच्या भुवयांवरून कळत होतं. विमान दिसलं तेव्हा तिनं वर पाहिलं. राम उतरला तेव्हा ती थोडी मागे सरकली, वाट द्यावी तशी. मामांच्या कथेत भरत रामाच्या तोंडाकडे बघत नाही. तो खाली बसून आधी पादुका रामाच्या पायांत घालायला जातो. आणि त्या चढत नाहीत. चौदा वर्षं रानात हिंडून पाय रुंद झालेले असतात, टाचा फुटलेल्या असतात. भरत रडत म्हणतो, "दादा, मी नीट सांभाळल्या होत्या रे." मामीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. ती रडेल असं मला वाटलं. ती हसत होती, आणि डोळ्यांतून धार लागली होती. नवीन नवरीनं नवऱ्याचा पहिला विनोद ऐकावा, तसं काहीतरी त्या तोंडावर होतं.

सगळे आरतीला उठले. मामीनं मान खाली घातली, बुक्का लावून घेताना घालतात तशी. बराच वेळ ती तशीच उभी होती.

मग एक वेळ अशी आली, की समोरची जागा नुसती जागा झाली. फरशी, ऊन, खांब. गेले तीन दिवस मला तिथं काही ऐकू येत नव्हतं, तरी ती रिकामी नव्हती, हे मला ती रिकामी झाल्यावर कळलं.

*

घरापर्यंत मामीनं माझं मनगट धरलं होतं. ओट्यावर बसल्यावर म्हणाली, "ते पादुका चढत नाहीत, ते कोणत्या पोथीत आहे गं?"

"पोथीत नाही. मामाचंच आहे."

"मला सांगायचं तरी एकदा," ती म्हणाली. संध्याकाळ झाली. मी दिवा लावला.

"उद्या कळवायचं ना तुला?"

"हो."

"मी जा म्हणत होते, ते माझ्यासाठी म्हणत होते. आता म्हणते, राहा. आता घरात खरंच कुणी नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "हेही माझ्यासाठीच आहे. तेव्हा माझं ऐकू नकोस."

"मग कुणाचं ऐकू?"

"मला काय विचारतेस? मी आजवर एक कथा ऐकली पुरी."

मी हसले. तीही हसली. मग आम्ही खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन, तिथल्या सायबर कॅफेच्या गरम खोलीतल्या संगणकावर, मी हॉलंडला होकार कळवला आणि पुण्याला नकार. वडिलांनी पेढे वाटले. तात्या आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, नंतर स्टँडवर पोचवायला आले आणि एसटी हलेपर्यंत कंडक्टरशी भांडत राहिले. मी का गेले, हे मला कुणी विचारलं की मी शिष्यवृत्तीचं सांगते. ते खोटं नाही. पण त्या दिवशी देवळात मला एक कळलं होतं. समोरचं ऐकू आलं नाही, तरी आपली ओळ चुकत नाही. तोवर मला वाटत होतं, की लांब गेलं की ती तुटते.

हॉलंडला माझ्या खोलीला एकच खिडकी होती, आणि तिच्यातून कालवा दिसे. पाणी जमिनीपेक्षा उंचावरून जायचं, त्याची सवय व्हायला वेळ लागला. मामीला दर रविवारी मी शेजारच्या फोनवर फोन करत असे. तात्यांना साखरेनं पायाला जखम झाली, कासारकाकू आता काहीच ऐकू येत नाही म्हणतात, असलं ती सांगे. देवळात पाच वाजता आता कुणी बसत नाही, म्हणाली. ती एकटीच दिवा लावायला जाते.

पहिल्या थंडीतला एक रविवार होता. फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "काल ऐकली मी."

"काय ऐकलं?"

"तुझी झील. दिवा लावत होते. मागून आली."

मी खिडकीपाशी उभी होते. आदल्या दिवशी, तिकडे पाच वाजलेले असताना, मी इथं विहिरीच्या नमुन्यांच्या बाटल्या धूत होते. ओठसुद्धा हलवले नव्हते. पण मनात म्हणत होते, ते मला चांगलं आठवत होतं.

"मामी," मी म्हणाले, "काय म्हणत होते मी?"

"तेच, कुठवर आला राम. सूर बरा आहे." मग म्हणाली, "पण शेवटी घाई करतेस. राम शब्दावर जरा थांबत जा. हे असते तर ओरडले असते तुला."